वडिलांचे शेअर प्लेज करून निफ्टी शॉर्ट करू का?

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असं सगळं काढलंय): वय २७, नाशिकला एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी, हातात ३४ हजार. वडील सरकारी बँकेतून रिटायर झाले, त्यांच्या डीमॅटमध्ये पंचवीसेक वर्षांत थोडे थोडे करून घेतलेले साधारण ९ लाखांचे शेअर आहेत. मुलाने ट्रेडिंगचा क्लास लावलाय. तिथले सर सांगतात की लॉंग करणारे (भाव वाढेल म्हणून विकत घेणारे) म्हणजे पेन्शनर लोक, घेऊन बसणारे, खरा ट्रेडर दोन्ही बाजूंनी कमावतो. तीन महिने पेपर ट्रेडिंग (खरे पैसे न लावता सराव) केलं, शॉर्टमध्ये, म्हणजे आधी विकून नंतर स्वस्तात घेण्यात, मस्त प्रॉफिट दिसला. आता त्याला वाटतंय मार्केट फार वर गेलंय, पडणारच. प्लॅन असा की वडिलांचे शेअर प्लेज करायचे (ब्रोकरकडे तारण ठेवायचे), त्या मार्जिनवर (सौद्यासाठी लागणारी अनामत) निफ्टी फ्युचर (निफ्टी निर्देशांकाचा पुढच्या तारखेचा सौदा) शॉर्ट करायचं. "शेअर लॉंग, निफ्टी शॉर्ट, म्हणजे हेजच (एकीकडचा तोटा दुसरीकडून भरून निघायची सोय) झालं ना ताई, रिस्क कुठे आहे?" वडील म्हणतात तुला कळतं त्यातलं, तू बघ. आईला सांगितलेलं नाही. शिवाय दोन शंका: पुट घेतला तर ते लॉंग की शॉर्ट, हे क्लासमध्ये विचारायची लाज वाटली. आणि पुढच्या लेव्हलची फी ४० हजार आहे, भरू का?

---

तू ताई म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करते, रागावू नकोस. आणि आधी तुझ्या लाज वाटलेल्या शंकेपासून सुरुवात करते, कारण सगळ्या पत्रात तोच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे आणि तो न विचारता तू १५-१६ लाखांच्या कॉन्ट्रॅक्टपर्यंत पोचलायस.

पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क देणारा ऑप्शन, आणि कॉल म्हणजे विकत घ्यायचा हक्क देणारा. पुट विकत घेतला की तू त्या पुटमध्ये लॉंग. पैसे दिलेस, वस्तू घेतलीस, झालं लॉंग. पण त्या पुटचा भाव वाढतो कधी, तर निफ्टी पडला की. म्हणजे पोझिशन लॉंग, पण तुझं मत मंदीचं. उलट पुट विकलास तर पुटमध्ये शॉर्ट, आणि तुला बाजार पडायला नको असतो, पडला तर वाट लागते. कॉलचंही तसंच, विकत घेणारा तेजीवाला आणि विकणाऱ्याला वाटतं वर जाणार नाही. तेव्हा लॉंग म्हणजे तेजी आणि शॉर्ट म्हणजे मंदी हे जे तुझ्या डोक्यात फिट बसलंय ते शेअर आणि फ्युचरपुरतं चालतं, ऑप्शनमध्ये गेलास की कोलमडतं. कुठलीही ऑर्डर टाकताना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचार. मी काही घेतलंय की देणं लागतोय? आणि मला भाव कुठे जायला हवाय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "देणं लागतोय" असेल तर तू शॉर्ट, मग बाजार कुठेही जावो.

आणि पेन्शनरचं म्हणशील तर दोन मिनिटांसाठी घेतलेला शेअरही लॉंगच असतो रे. तुझे सर दिवसभर स्क्रीनवर जे बाय-सेल करतात त्यात अर्धा वेळ तेही लॉंगच असणार.

आता हे "देणं लागतो" म्हणजे काय ते नीट बघ, सगळी गोम तिथेच आहे. समज, सोनं उतरणार असं तुला वाटतंय म्हणून मावशीच्या पाटल्या उसन्या घेतल्यास, सराफाकडे विकल्यास, पैसे खिशात. सोनं उतरलं की स्वस्तात तशाच पाटल्या करून मावशीला परत, मधला फरक तुझा. पण सोनं चढलं तर? मावशीला पाटल्याच परत द्यायच्यात, तेव्हा किती पैसे मिळाले होते ते तिला सांगून उपयोग नाही. आणि मध्येच घरात लग्न निघालं आणि मावशी म्हणाली मला पुढच्या आठवड्यात हव्यात, तर ज्या भावाने मिळेल त्या भावाने घ्यायचं. गेल्या काही वर्षांत सोनं कुठे गेलंय ते तुला सांगायला नको. सोन्याला भाव वर जायला छत नाहीये, खाली मात्र शून्याची फरशी आहे.

म्हणून शॉर्ट ही लॉंगची आरशातली प्रतिमा नाही, हे मला तुला सांगायचंय, बाकी पत्र त्याच्यावरच आहे. वडिलांनी ४०० ला घेतलेला शेअर फार तर शून्य होईल, ४०० गेले, संपलं. ४०० ला शॉर्ट केलेला ८०० झाला तर ४०० गेले, १२०० झाला तर ८०० गेले, आणि इथे संपलं असं कोणी म्हणत नाही. अजून एक गोष्ट क्लासमध्ये सांगतात का माहीत नाही: लॉंग चुकला की तो छोटा होत जातो, म्हणजे ४०० चा ३०० झाला तर पोर्टफोलिओतला त्याचा वाटा आपोआप घटतो. शॉर्ट चुकला की तो मोठा होत जातो, जेवढा चुकलास तेवढं ओझं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच मार्जिनही जास्त लागतं.

आणि वेळ. पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या शेअरवाल्याकडे वेळ असतो. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला, तुझ्या वडिलांचेही शेअर तेव्हा निम्म्यावर आले असतील, पण त्यांना मार्जिन भरा म्हणून कोणाचा फोन आला नाही, कोणी विचारलं नाही, डिव्हिडंड येत राहिला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निफ्टी जुन्या उच्चांकाच्या वर होता. ते काही न करता बाहेर आले. फ्युचरमध्ये लॉंग असते तर त्यांनाही हे जमलं नसतं बरं का, मार्जिनवर उभा असलेला लॉंगही बसून राहू शकत नाही. तेव्हा फरक नुसता लॉंग-शॉर्टचा नाही, उसनवारीचासुद्धा आहे. फक्त लॉंग उसनवारीशिवाय करता येतो आणि शॉर्ट करताच येत नाही.

आपल्याकडे तर साध्या शेअरमध्ये शॉर्ट करून घरी जाऊन झोपायची सोयच नाही. कॅश सेगमेंटमध्ये सकाळी विकलास तर त्याच दिवशी कव्हर करायचं, म्हणजे परत विकत घेऊन सौदा मिटवायचा. शेअर उसने मिळायची स्कीम २००८ पासून आहे, एसएलबी म्हणतात, पण तुझ्यामाझ्यासारख्यांपैकी ती वापरणारा क्वचितच भेटतो. आणि कव्हर करायच्या आत शेअर अप्पर सर्किटला (एका दिवसात वाढायच्या कमाल मर्यादेला) लागला, विकणाराच कोणी नाही, तर? तर तू शेअर द्यायला बांधील आहेस आणि तुझ्याकडे शेअर नाहीत, मग एक्स्चेंज ऑक्शनमध्ये तुझ्या वतीने विकत घेतं, ज्या भावाला मिळेल त्या भावाला, आणि बिल तुझ्या नावावर. छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये "फार वाढलाय, आता पडेल" म्हणून इंट्राडे शॉर्ट मारणारे असेच अडकतात.

ही काही आजची गोष्ट नाही. १९८२ साली दलाल स्ट्रीटवर मंदीवाल्यांच्या टोळीने रिलायन्स शॉर्ट केला, जवळ शेअर नसताना विकत सुटले, भाव पाडायचा आणि स्वस्तात उचलायचा असा हिशोब. समोरून अंबानींच्या बाजूचे ब्रोकर येईल तो शेअर घेत गेले. तेव्हा बदला पद्धत होती, म्हणजे सेटलमेंटला थोडे पैसे देऊन सौदा पुढे ढकलायचा, मंदीवाले त्याच भरवशावर होते. पण शुक्रवार आला आणि घेणाऱ्यांनी सांगितलं, पुढे ढकलायचं नाही, आम्हाला डिलिव्हरी द्या. देणार कुठून? मुंबई शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला आणि मंदीवाल्यांनी मिळेल त्या भावाला शेअर गोळा करून आपली सुटका करून घेतली. बदला २००१ मध्ये बंद झाला, पण शॉर्टवाल्याला कोपऱ्यात धरायचे प्रकार बंद झाले नाहीत. जर्मनीत २००८ च्या ऑक्टोबरात फोक्सवॅगनचा शेअर असाच हजार युरोच्या वर जाऊन आला, कारण पोर्शेने आपल्या हातात किती शेअर आहेत ते जाहीर केल्यावर कळलं की बाजारात विकायला सहा टक्केही उरलेले नाहीत आणि शॉर्ट त्याहून जास्त आहेत.

तू म्हणशील ताई मी शेअर कुठे करतोय, मी निफ्टी करतोय, निफ्टीला कोण कोपऱ्यात धरणार. बरोबर आहे, निफ्टीला कोणी कॉर्नर करत नाही. पण मग तुला २०२४ चा जून आठवायला लागेल.

१ जूनला शनिवारी संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल आले. सोमवारी ३ तारखेला निफ्टी सव्वातीन टक्के वर, २३,२६४ ला बंद. मंगळवारी निकाल, आणि निफ्टी १,३७९ पॉइंट पडून २१,८८४. त्या संध्याकाळी सगळीकडे एकच चर्चा, आता कोसळणार, सरकार टिकणार का, विका. त्या दिवशी बंद होताना ज्याने शॉर्ट केला त्याचं कारण कुठल्याही अंगाने खोटं नव्हतं. बुधवारी निफ्टी ७३५ पॉइंट वर. शुक्रवारी बंद झाला २३,२९० ला, म्हणजे सोमवारच्याही वर. तीन सेशनमध्ये १,४०० पॉइंट उलटे. तेव्हा निफ्टीचा लॉट (एका कॉन्ट्रॅक्टमधले नग) २५ चा होता, म्हणजे लॉटमागे ३५ हजार, तुझा एक पगार. आताचा लॉट त्याच्या दुपटीहून मोठा आहे. "मार्केट फार वर गेलंय" हे तुझं मत चुकीचं आहे असं मी म्हणतच नाही, मला माहीत नाही, तुझ्या सरांनाही माहीत नाही. मत बरोबर असून तारीख चुकली तरी शॉर्टवाला घरी बसतो, एवढंच म्हणतेय.

आता तुझं ते हेज. खरं सांगू, कल्पना वाईट नाही, आकडे वाईट आहेत. वडिलांचे शेअर ९ लाखांचे. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलले तेव्हापासून इंडेक्सचा एक कॉन्ट्रॅक्ट निदान १५ लाखांचा असतो, आधी ५ ते १० लाखांचा असायचा. आपण साडेसोळा लाख धरू. ९ लाख लॉंग आणि साडेसोळा लाख शॉर्ट, म्हणजे तू साडेसात लाखांनी नेट शॉर्ट झालास. याला हेज म्हणत नाहीत, ही सरळ मंदीची पैज आहे आणि ९ लाखांच्या शेअरने ती झाकली गेलीय इतकंच. मार्केट दहा टक्के वर गेलं तर शेअर, धर, ९० हजारांनी वाढले, फ्युचरमध्ये १ लाख ६५ हजार गेले. म्हणजे बाजार वाढला आणि तुमच्या घराचे ७५ हजार गेले. आणि हे सुद्धा वडिलांचे शेअर निफ्टीइतकेच चालले तर. त्यांच्याकडे काय आहे ते तू लिहिलं नाहीस, पण पंचवीस वर्षांत गोळा झालेल्या पोर्टफोलिओत दोन-तीन सरकारी बँका, एखादी जुनी इंजिनियरिंग कंपनी, आयपीओत लागलेले काहीबाही असं असतं. निफ्टी वर जातोय आणि हे तिथेच बसलेत असं महिनोन्‌महिने होऊ शकतं. मग एका बाजूला तोटा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

शिवाय शेअरमधला फायदा कागदावर आणि फ्युचरमधला तोटा रोजच्या रोज रोख. मार्क टू मार्केट म्हणतात ते हेच, दर दिवशी बंद भावाला हिशोब करून पैसे अकाउंटमधून जातात. प्लेज केलेले शेअर इथे चालत नाहीत, कॅशच लागते. मार्जिनचंही असं आहे की ओव्हरनाइट पोझिशनला निदान निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसारखं म्हणजे लिक्विड फंड वगैरे लागतं, नाहीतर ब्रोकर त्या तुटीवर व्याज लावतो. तू पत्रात "कॅश लागणारच नाही, शेअर आहेत ना" असं लिहिलंयस, ते तितकं खरं नाही. एका लॉटला साधारण दोन लाख मार्जिन धर, त्यातले एक लाख रोख कुठून आणणार? वडिलांच्या एफडीतून?

आणि हे तुझ्या अकाउंटला होणारच नाही. एका क्लायंटचे शेअर दुसऱ्याच्या मार्जिनला चालत नाहीत. म्हणजे ट्रेड वडिलांच्याच अकाउंटला, प्लेजचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर, तोटा त्यांच्या नावावर, आणि पेन्शन-व्याजाचा साधा रिटर्न भरणाऱ्या माणसाला यापुढे एफअँडओचा (फ्युचर-ऑप्शनचा) धंदा दाखवून आयटीआर-३ भरायला लागणार. बटण तू दाबणार आणि सही त्यांची. "तुला कळतं त्यातलं" असं म्हणताना त्यांना हे माहीत होतं का? तू त्यांना प्लेज म्हणजे काय सांगितलंस, शेअर विकायचे नाहीत, नुसते ठेवायचे, असं? बहुतेक मुलं असंच सांगतात. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर ते शेअर विकू शकतो हे वाक्य मागे राहतं.

मी ब्रोकरच्या ऑफिसात रिस्क डेस्कला बरीच वर्षं काढली, म्हणून ते फोन मला माहितीयत. सकाळी साडेआठला यादी समोर यायची, क्लायंट कोड, नाव, शॉर्टफॉल म्हणजे मार्जिनची तूट. एक गृहस्थ होते, मेडिकलचं दुकान, स्वभावाने अगदी सज्जन, ते बँकनिफ्टी शॉर्ट करून बसलेले. फोन लावला की मागे गिऱ्हाइकाचा आवाज, क्रोसिनची स्ट्रिप द्या, आणि हे हळू आवाजात मला सांगतायत, मॅडम दुपारपर्यंत थांबा, युरोपचे बाजार उघडले की दोनपर्यंत खाली येतंय. दोन वाजता आलं नाही. मग म्हणाले उद्या आरटीजीएस करतो, पोझिशन कापू नका. सिस्टीमला थांबता येत नाही, कापली. तिसऱ्या दिवशी बँकनिफ्टी खरोखरच पडला. त्यांनी फोन करून मला ते सांगितलं, रागाने नाही, नुसतं सांगितलं की बघा मी म्हणत होतो. त्यांचं म्हणणं खरंच होतं.

तुझ्या पेपर ट्रेडिंगमध्ये हा फोन नसतो. तिथे तू पोझिशन आठवडाभर लालमध्ये ठेवलीस, मग ती हिरवी झाली, आणि तू लिहिलंस प्रॉफिट. अजून एक कर, त्या तीन महिन्यांचा निफ्टीचा चार्ट काढून बघ, सुरुवातीला कुठे होता, शेवटी कुठे. उतरत्या बाजारात शॉर्ट हिरवे दिसणारच, त्यात तुझी कला किती आणि उतार किती ते वेगळं काढ.

सेबीचे आकडे तू ऐकले असशील, क्लासमध्ये त्यांची चेष्टाही होत असेल, तरी लिहिते. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी एफअँडओ करणाऱ्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. २०२४-२५ मध्ये, नियम कडक केल्यावरही, ९१ टक्के तोट्यात आणि एका वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार कोटींवर. समोर कमावतंय कोण? ब्रोकर कंपन्यांचे स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणारे प्रॉप डेस्क आणि परदेशी फंड, आणि त्यांचा बहुतेक फायदा अल्गोमधून, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमने आपोआप केलेल्या सौद्यांतून आलेला. तुझ्या शॉर्टच्या समोर पेन्शनर नाहीये, मशीन आहे.

बरं मग करायचं काय, नुसतं नाही नाही म्हणून उपयोग नाही.

तुला जर मनापासून वाटतंय की बाजार महाग झालाय आणि वडिलांचे आयुष्याचे पैसे धोक्यात आहेत, तर त्याच्यावर सगळ्यात स्वस्त, बिनमार्जिनचा उपाय म्हणजे थोडे शेअर विकून टाकणं. हे कोणी क्लासमध्ये शिकवत नाही कारण त्याची फी घेता येत नाही. ९ लाखांतले ३ लाखांचे विकले, एफडी किंवा लिक्विड फंडात टाकले, तर बाजार वीस टक्के पडला तरी त्या तिनांना काही होत नाही, आणि चढला तर उरलेले सहा चढतातच. लॉंग कमी करणं आणि शॉर्ट करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि दहातल्या आठ लोकांना खरं तर पहिलं हवं असतं. टॅक्सचं म्हणशील तर वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवर दर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या फायद्यावर टॅक्स नाही, त्याच्यावर साडेबारा टक्के. आणि ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा सर्वात वरचा भाव खरेदीची किंमत म्हणून धरायला मिळतो (विकलेल्या भावापेक्षा तो जास्त नसला तर), म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी २० रुपयांना घेतला म्हणून सगळाच फायदा टॅक्सेबल असं नाही. मार्चमध्ये थोडे, एप्रिलमध्ये थोडे असं केलं तर दोन वर्षांची सूट वापरता येते. सीएला एकदा दाखवा, तो पाचशे-हजार घेईल पण नीट सांगेल.

वडिलांना शेअर अजिबात विकायचे नसतील, भावनेचा प्रश्न असतो कधी कधी, बँकेत असताना घेतलेले पहिले शेअर वगैरे, आणि तरी दोन-तीन महिन्यांसाठी धाक वाटतोय, तर निफ्टीचा मंथली पुट विकत घेणं हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग. प्रीमियम भरला तेवढाच गेला, फोन नाही, मार्जिन नाही. पण तो इन्शुरन्स आहे, काही झालं नाही तर प्रीमियम बुडतो, आणि तो दर महिन्याला भरत बसलास तर वर्षाला डोळे पांढरे होतील. कॉन्ट्रॅक्ट इथेही तुमच्या शेअरपेक्षा मोठाच आहे, पण घेतलेल्या पुटमध्ये त्याचा त्रास होत नाही.

आणि तुला शॉर्ट शिकायचंच असेल तर शीक, मला त्यात काही वावगं वाटत नाही. तुझ्या अकाउंटमध्ये, तुझ्या पगारातून, आणि आधी पाच शेअरने. खरंच पाच. निफ्टीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीचे पाच शेअर सकाळी एमआयएसमध्ये (त्याच दिवशी मिटवायच्या ऑर्डरमध्ये) विक, स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर सौदा मिटवणारी ऑर्डर) लाव, दुपारी स्वतः कव्हर कर, सव्वातीनच्या ऑटो स्क्वेअर-ऑफची वाट बघू नकोस. ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), बाकी चार्जेस धरून किती राहिले ते वहीत लिही. महिना-दोन महिने हे केलंस की तुला कळेल शॉर्टमध्ये पोटात कसं होतं, आणि फी फार तर काही शे रुपये. इंट्राडेचा तोटा स्पेक्युलेटिव्ह धरतात, तो पगाराशी किंवा शेअरच्या बाकी फायद्याशी वळता करता येत नाही, तेही आत्ताच माहीत असू दे. यातही सेबीचं म्हणणं आहे की २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दहातले सात तोट्यातच होते, तेव्हा पाच शेअरचे पन्नास करायची घाई नको.

तुझ्यासारखी बरीच पत्रं येतात, त्यात हल्ली एक नवा प्रकार दिसतो म्हणून इथेच लिहून टाकते. "आम्ही शॉर्ट वगैरे काही करत नाही हो, मिस्टर नुसते ऑप्शन विकतात, महिन्याला भाड्यासारखे पैसे येतात." बाई गं, ऑप्शन विकणं म्हणजेच शॉर्ट. वीस दिवस हजार-हजार येतात आणि एका दिवशी, ४ जूनसारख्या, सगळं मिळून परत जातं, वर अजून जातं. कॉल विकलाय की पुट, कव्हर आहे का, दुसऱ्या बाजूला काही विकत घेऊन तोटा बांधलाय का, हे त्यांना बसवून विचारा. "कधीच इतकं हलत नाही" असं उत्तर आलं तर कॉन्ट्रॅक्ट किती लाखांचा आहे ते विचारा.

आता राहिली ४० हजारांची फी. भरू नकोस. सरांना दोन गोष्टी विचार. एक, सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर काय, सल्लागाराचा आयएनए ने सुरू होतो आणि रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने, आणि तो सेबीच्या साइटवर टाकून बघता येतो. ते म्हणतील आम्ही फक्त शिकवतो, आम्हाला नंबर लागत नाही. मग दुसरं विचार, सेबीने २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट केलं होतं की गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल सांगणं म्हणजे नुसतं शिकवणं नाही, मग तुम्ही लाइव्ह मार्केटमध्ये चार्ट दाखवून "इथे शॉर्ट" कसं सांगता? काय उत्तर येतं ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

आणि आईला सांग. परवानगी मागायला नाही, हिशोब तपासायला. ९ लाख, साडेसोळा लाख, एक लाख रोख, हे तीन आकडे कागदावर लिहून वडील समोर असताना तिला दाखव आणि वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगू दे की प्लेज म्हणजे काय. त्यांना सांगता आलं नाही तर ओटीपी द्यायचा नाही, एवढं तिघांत ठरवून टाका. शेअरची यादी काढलीस तर मला पाठव, विकायचेच असतील तर आधी कुठले, ते बघू.